लोंढा : एका शब्दाचा पदार्थविचार

वाणीचा दोष केवळ असत्य भाषणातच असतो असे नाही. जे बोलले ते खरे असूनही, ज्या वस्तूला जो शब्द लावू नये तो लावल्याने वाणी दूषित होते. असत्याचा दोष ऐकणाऱ्याच्या लक्षात लवकर येतो. अयोग्य शब्दाचा दोष मात्र रूढीच्या आड लपून राहतो आणि बोलणाऱ्यालाही त्याची जाणीव उरत नाही. प्रस्तुत लेखात अशाच एका नित्याच्या शब्दाचा विचार करावयाचा आहे. तो शब्द म्हणजे 'लोंढा'.

शब्दविचार हा आपल्या मार्गाला नवा नाही. सूत्रातील एकेका पदाचा अर्थ लावण्यात आपल्या पूर्वाचार्यांनी आयुष्ये वेचली. भीष्माचार्यांनी 'पंचवार्तिक' रचून मराठीच्या व्याकरणाचा पाया घातला, तोही शास्त्रवचनाचा अर्थ ढळू नये म्हणूनच. मग जे शब्द आपण शास्त्राच्या बाहेर, बाजारात, रस्त्यावर आणि वर्तमानपत्रात दिवसातून दहादा उच्चारतो, त्यांचीही कधी तरी झडती घेणे साधकाला आणि वासनिकाला सारखेच हितावह आहे.

प्रथम या शब्दाचे सोबती पाहू. अफाट आणि अकस्मात आलेल्या राशीसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. परंतु हे शब्द समानार्थी म्हणून कोशात शेजारी बसत असले तरी व्यवहारात त्यांची कामे निराळी आहेत. 'पूर' चढतो आणि ओसरतो. त्याला कमी-अधिक माप आहे. हा शब्द आणि 'पूर्ण' हा शब्द दोन्ही 'भरणे' या अर्थाच्या एकाच संस्कृत धातूपासून आले आहेत, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. 'ओघ' अखंड वाहतो, पण त्यात आकस्मिकता नाही. म्हणून देणग्यांचा ओघ म्हणतात आणि बोलताना एखादी गोष्ट ओघाने येते. 'लोट' धुळीचा अथवा धुराचा. त्यात लोटण्याची क्रिया आहे. 'वर्षाव' वरून होतो, आणि बहुधा फुलांचा, कौतुकाचा वा अभिनंदनाचा. 'भडिमार' तोफांचा, म्हणून प्रश्नांचा. 'धाड' दरोडेखोरांची, म्हणून टोळांची. २०२० च्या मे महिन्यात विदर्भातील शेतांवर टोळ उतरले तेव्हा 'टोळधाड' हा जुना शब्द पुन्हा सर्वांच्या तोंडी आला. 'सुळसुळाट' उंदरांचा आणि भामट्यांचा. तो कधीही सज्जनांचा होत नाही. 'रेलचेल' आणि 'चंगळ' सुखाच्या वस्तूंची. 'डोंगर' कर्जाचा आणि दुःखाचा. 'घबाड' अवचित हाती लागलेल्या धनाचे. 'खच' पडतो तो पानांचा, नाही तर प्रेतांचा.

विशेषणांतही हाच भेद आहे. 'अमाप' म्हणजे ज्याचे माप घेता येत नाही ते. 'बेसुमार' हा फारसीतून आलेला. ज्याची मोजदाद होत नाही ते. 'अगणित' म्हणजे न गणलेले किंवा गणता न येणारे. तीनही शब्द वस्तूविषयी जितके सांगतात त्याहून अधिक बोलणाऱ्याविषयी सांगतात. ते एवढेच म्हणतात, की माझे माप संपले, माझी गणना थांबली. वस्तू मात्र जितकी होती तितकीच आहे.

या सर्वांत 'लोंढा' शब्दाचे वैशिष्ट्य कोणते? लोंढ्यात तीन गोष्टी एकवटल्या आहेत: विपुलता, आकस्मिकता आणि अंध रेटा. पुरात पहिली असते, दुसरी असेलच असे नाही. लोंढ्यात तिन्ही असतात, आणि तिसरी प्रधान असते. लोंढा विचार करीत नाही, थांबत नाही, वाटेत काय आहे ते पाहत नाही. म्हणून सह्याद्रीच्या पायथ्याचा शेतकरी ओढ्याला 'पाणी आले' आणि 'लोंढा आला' यांत भेद करतो. पहिल्यात ओढा ओलांडता येतो की नाही याचा अंदाज घेतो. दुसऱ्यात गुरे मागे वळवतो.

हा भेद जेथे रोजच्या अनुभवाचा आहे असा प्रदेश म्हणजे पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका. ताम्हिणीच्या अंगाला वर्षाकाठी हजारो मिलिमीटर पाऊस पडतो, आणि पूर्वेकडे पुणे शहराशी येईपर्यंत तो सातशे मिलिमीटरच्या आसपास उतरतो. एवढ्या थोड्या अंतरात एवढा उतार असलेल्या या पट्ट्यात भाताची खाचरे, डोंगरातून उतरणारे ओढे आणि मुळा नदी यांच्या आधाराने गावे वसली. नांद्याशेजारचे चांदे हे त्यांपैकीच एक लहान गाव. हिंजवडी-माण भागात १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले, आणि त्याच्या सभोवारच्या गावांचे रूप पालटत गेले. जेथे आंबेमोहोराचा वास येई तेथे इमारतींचे सांगाडे उभे राहिले. ते बांधण्यासाठी मजूर आले, त्यांत राहण्यासाठी नोकरदार आले, त्यांना भाजी व किराणा पुरवण्यासाठी दुकानदार आले. मग ओढ्याचा शब्द रस्त्यावर आला. 'बाहेरच्यांचा लोंढा' हा प्रयोग या गावांतून, तसाच पुण्याच्या चहूकडच्या गावांतून, सहज ऐकू येतो. बोलणाऱ्याच्या मनात द्वेष असतोच असे नाही. विहिरीचे पाणी खाली गेले, रस्ता गाड्यांनी तुंबला, याचेच ते गाऱ्हाणे असते.

प्रश्न असा की, मनुष्याला लोंढा म्हणणे योग्य आहे काय?

येथे पहिली शंका अशी घेतली जाईल, की हा केवळ लक्षणेचा प्रयोग आहे. 'माणसांचा लोंढा' म्हणताना माणसे पाणी आहेत असे कोणीही समजत नाही. मग दोष कोठे?

याचे समाधान साहित्यशास्त्रातच आहे. लक्षणेला तीन गोष्टी लागतात: मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी संबंध, आणि रूढी अथवा प्रयोजन. माणसे पाणी नाहीत हा बाध. विपुलतेचे साम्य हा संबंध. एकाएकी पुष्कळ आले हे सांगणे, हे प्रयोजन. येथपर्यंत सर्व यथास्थित आहे. परंतु शब्द आपल्याबरोबर केवळ बोलावलेला अर्थ आणीत नाही. व्यंजनेच्या वाटेने न बोलावलेले अर्थही आत शिरतात. पाण्याला घर नसते, म्हणून लोंढ्यातील माणसालाही घर नसावे असे वाटू लागते. पाण्याला हेतू नसतो, म्हणून 'हा येथे का आला?' हा प्रश्नच कोणी विचारत नाही. पाण्याशी बोलता येत नाही. त्याला बांध घालावयाचा, नाही तर वाट काढून द्यावयाची. मनुष्याविषयी असे थेट बोलायला जीभ धजणार नाही. शब्द मात्र ते न बोलता बोलून जातो.

आपल्या शास्त्राच्या दृष्टीने हा दोष याहूनही मूळचा आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न निरूपिले. ज्ञानाचा आरंभच या भेदाच्या ओळखीपासून होतो; एका पदार्थाचा धर्म दुसऱ्यावर लादणे हे अन्यथाज्ञान होय. पाणी, धूळ, धूर हे प्रपंचातील. त्यांना लोंढा, लोट म्हणणे यथार्थ आहे. जीव हा प्रपंच नव्हे. जीवाला प्रपंचाचा शब्द लावला म्हणजे केवळ अलंकार बिघडतो असे नव्हे. पदार्थभेदच पुसला जातो.

दुसरी शंका अधिक सूक्ष्म आहे. आपलेच शास्त्र जीव अनंत आहेत असे सांगते. अनंत म्हटल्यावर तेथेही गणना संपली. मग शास्त्राने जीवांना जे म्हटले तेच लोकांनी म्हटले, यात अंतर ते काय?

अंतर फार मोठे आहे. शास्त्र जीव अनंत म्हणते तेव्हाच प्रत्येक जीव निराळा म्हणते. एकाचे कर्म दुसऱ्याला लागत नाही, एकाचा अधिकार दुसऱ्याला मिळत नाही, एकाचे दुःख दुसरा भोगत नाही. संख्या कितीही वाढली तरी एकेकाचे एकपण तसेच राहते. 'अनंत' म्हणजे 'आणखी एक' कधी संपत नाही ते. 'लोंढा' म्हणजे ज्यात 'एक' असा उरतच नाही ते. पहिल्यात गणना अपुरी पडते; दुसऱ्यात गणनेचे प्रयोजनच नाहीसे होते. म्हणून अनंत जीवांविषयी करुणा संभवते, लोंढ्याविषयी संभवत नाही. करुणेला समोर कोणी तरी लागतो.

याला साक्ष सर्वांच्या परिचयाची आहे. पारध लागलेला ससा श्रीस्वामींच्या आश्रयाला आला, ती लीळा आठवावी. पारध्यांच्या लेखी रानातील ससे ही एक जात होती, आणि समोरचा ससा त्या जातीतील एक शिकार. त्यांनी तो मागितला. स्वामींनी दिला नाही. रानात ससे किती, हा तेथे प्रश्नच नव्हता. आला तो एक शरणागत जीव होता. अहिंसेचा उपदेश आपण केवळ शस्त्रापुरता समजतो. वास्तविक जीवाला जातीत अथवा समूहात विरघळवून टाकणारी दृष्टी हीच शस्त्राच्या आधीची पायरी आहे.

म्हाइंभटांची पद्धतीही येथे विचारात घ्यावी. लीळा संकलित करताना त्यांनी 'पुष्कळांनी असे सांगितले' म्हणून काम भागवले नाही. ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले-ऐकले त्यांच्याकडे ते स्वतः गेले, एकेकाला विचारले, आणि नागदेवाचार्यांकडून ताडून घेतले. कोणाची आठवण निराळी असेल तर ती त्याच्या नावाने निराळी राखण्याची शिस्त आपल्या पोथ्यांत पुढेही दिसते. मराठी गद्याच्या आरंभीच एवढी एकेकाची दखल घेणारा ग्रंथ आहे, आणि त्याच मराठीत आपण माणसांचे लोंढे करावेत, हे शोभत नाही.

आता तिसरी शंका, आणि ही व्यवहाराची असल्याने सर्वांत बळकट. गावाला जो भार पडतो तो खरा आहे. पाणी अपुरे आहे, रस्ता अरुंद आहे, शाळा लहान आहे. एकाएकी फार माणसे आली हे सांगण्यासाठी शब्दच वापरू नये काय? तक्रार गिळून बसावी काय?

मुळीच नाही. तक्रार करावी, पण तिला योग्य शब्द द्यावा. याचे उदाहरण याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. १२ जुलै १९६१ रोजी आंबी नदीवरचे पानशेत धरण फुटले, त्याच्या पाण्याने खालचे खडकवासल्याचे जुने धरण फुटले, आणि मुठेच्या काठची पुण्याची वस्ती बुडाली. तो खरा लोंढा होता. त्याला लोंढा म्हणण्यात काहीच चुकीचे नव्हते. परंतु ज्यांची घरे गेली त्या हजारो माणसांना मराठीने कोणते नाव दिले? 'पूरग्रस्त'. म्हणजे पुराने ग्रासलेले. या एका समासात पाणी वेगळे आणि माणूस वेगळा राहिला. कोणी कोणाला ग्रासले हे स्पष्ट राहिले, आणि ज्याला ग्रासले त्याला जागा देणे हे आपले काम आहे हेही त्यातूनच सुचले. पुढे त्यांच्या वसाहती झाल्या त्याही पूरग्रस्तांच्या वसाहती म्हणूनच ओळखल्या गेल्या. माणसे तेव्हाही एकाएकी आणि पुष्कळ आली होती. पण 'पूरग्रस्त' म्हटले की माणूस पुराच्या तावडीतून सुटतो. 'लोंढा' म्हटले की माणूसच पूर होतो.

मुळशीने याची दुसरी बाजूही पाहिली आहे. टाटा कंपनीच्या वीजनिर्मितीसाठी मुळेवर धरण बांधण्याचे ठरले तेव्हा १६ एप्रिल १९२१ रोजी मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट यांनी त्याचे नेतृत्व केले, आणि याच लढ्याने बापटांना 'सेनापती' हे नाव दिले. लढा १९२४ पर्यंत चालला, पण धरण झाले. अडवलेले पाणी डोंगरापलीकडे भिऱ्याच्या वीजकेंद्राकडे वळवण्यात आले आणि खोऱ्यातील भाताची जमीन बुडाली. ते पाणी लोंढ्यासारखे आले नाही. त्याला धरणाचा 'फुगवटा' म्हणतात. तो हळूहळू चढतो आणि ओसरून मूळची जमीन परत देत नाही. ज्यांची जमीन अशी गेली ते पोटासाठी दुसरीकडे जाणारच. जेथे ते गेले असतील तेथे त्यांचे दुःख कोणी जाणले असेल, की 'मावळातून लोंढा आला' एवढ्यावरच आटोपले असेल? आज ज्याला आपण लोंढा म्हणतो त्याच्या मागे कोणते धरण, कोणता दुष्काळ, कोणते कर्ज आहे, हे आपण विचारलेले नसते. आंधळ्यांच्या हाती हत्तीचा एकेक अवयव लागावा, तसा आपल्या हाती त्याच्या प्रवासाचा केवळ शेवट लागलेला असतो. आणि तेवढाच भाग आपण संपूर्ण हत्ती मानतो.

शब्दाचा हा दोष जिवावर बेतू शकतो काय, असे कोणी विचारील. २०२० च्या मार्च महिन्यात टाळेबंदी झाली आणि काम बंद पडलेले मजूर देशभर रस्त्यांनी आणि रुळांनी गावाकडे चालू लागले. वर्तमानपत्रांतून 'मजुरांचे लोंढे' हा शब्दप्रयोग त्या दिवसांत नित्याचा झाला होता. ८ मे २०२० रोजी पहाटे औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांचा मालगाडीखाली अंत झाला. ते जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करीत होते आणि मध्य प्रदेशातील आपल्या घरी निघाले होते. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकरी-पोळ्यांचे छायाचित्र सर्वांनी पाहिले. शब्दाने त्यांना मारले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण ते चालत होते तोवर लोंढा होते, आणि मेल्यावर सोळा झाले. संख्या त्यांना मृत्यूने दिली. ती जिवंतपणी आपण द्यावयास हवी होती. किती जण निघाले, कोणत्या वाटेने, रात्री कोठे थांबतील, हे प्रश्न मोजदादीतून निर्माण होतात. लोंढ्याविषयी ते सुचत नाहीत.

म्हणून तक्रारीला माझे उत्तर असे, की लोंढा म्हणण्याऐवजी आकडा सांगावा. 'गावात बाहेरचा लोंढा आला' असे म्हणण्यापेक्षा 'गावात इतकी घरे वाढली, नळाला इतके पाणी येते, ते इतके कमी पडते' असे म्हणावे. हे अधिक खरे आहे, अधिक सभ्य आहे, आणि तक्रार म्हणूनही अधिक बळकट आहे. लोंढ्याच्या तक्रारीला अधिकारी हताशपणे मान डोलावतो. आकड्याला त्याला उत्तर द्यावे लागते. शिवाय आकडा हा एकांचाच बनलेला असतो. कोणत्याही मोठ्या संख्येतून एक वजा करता येतो आणि एक मिळवता येतो. लोंढ्यातून काही वजा होत नाही.

मग 'लोंढा' हा शब्द टाकूनच द्यावा काय? तसेही नाही. प्रपंचाला तो खुशाल लावावा, आणि आपल्या अंतःकरणातील विकारांना तर अवश्य लावावा. क्रोधाला हेतू सांगता येत नाही, तो वाट पाहत नाही, समोर कोण आहे हे त्याला दिसत नाही. तो लोंढाच होय. स्तुतीचा वर्षाव फुलांसारखा वाटतो, पण साचला की त्याचाही लोंढा होतो. शहरालगतच्या गावांत जमीन विकून एका दिवसात हाती आलेले धन हे घबाड वाटते. ज्या घरांनी त्याला आधी बांध घातला नाही त्यांच्याकडून ते धन, आणि पुष्कळदा घरातील सलोखाही, वाहून गेला. अशांना लोक उपहासाने 'गुंठामंत्री' म्हणतात. तोही जीवाला जमिनीच्या मापाने मोजणारा शब्द आहे, हे वेगळे. भाताच्या खाचराचा बांध पाणी नाकारीत नाही. तो त्याला थांबवतो, निववतो आणि ठरलेल्या वाटेने पुढच्या खाचरात सोडतो. वाणीला आणि वृत्तीला असाच बांध हवा. आत येणारा आवेग तेथे थांबावा, त्याचे नाव ठरावे, आणि मगच तो शब्द होऊन बाहेर पडावा.

हा विचार अवघड वाटत असेल तर आपल्याच मठा-मंदिरांतील एक साधा व्यवहार पाहावा. उत्सवाला माणसे अपेक्षेबाहेर आली म्हणजे मांडवाच्या दाराशी उभा असलेला कार्यकर्ता 'लोंढा आला' म्हणतो. स्वयंपाकघरातील आचारी तसे म्हणत नाही. तो विचारतो, "पाने किती?" त्याला ठाऊक असते की पंगतीत बसणारा प्रत्येक जण निराळ्या भुकेने बसतो, आणि एकाचे पान वाढल्याने दुसऱ्याचे पोट भरत नाही. ज्याला वाढावयाचे आहे त्याला मोजावेच लागते. ज्याला काहीच द्यावयाचे नाही तोच मोजण्याचे टाळू शकतो. परगावचा कोणीही वाटसरू दारी आला असता, मग तो चांद्याच्या रस्त्यावर असो की रिद्धपूरच्या, उपदेशी आणि वासनिक बंधुभगिनींनी आधी आचाऱ्याचा प्रश्न विचारावा.